नागरी हक्क चळवळ आणि राज्यसंस्थेची पाळत : अमेरिकेतील ‘कोइंटेलप्रो’ (१९५६–१९७१)

लोकशाही राज्यसंस्थेने आपल्याच नागरिकांवर ठेवलेल्या पाळतीचा इतिहास लिहिताना अभ्यासकापुढे एक चमत्कारिक अडचण असते. ज्या यंत्रणेची चिकित्सा करावयाची, तिचीच दप्तरे हे त्या इतिहासाचे मुख्य साधन असते आणि ती दप्तरे उजेडात येऊ नयेत याची तजवीजही त्याच यंत्रणेने केलेली असते. अमेरिकेच्या फेडरल ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन अर्थात एफबीआयने १९५६ ते १९७१ या काळात राबविलेला ‘काउंटर इंटेलिजन्स प्रोग्रॅम’, संक्षेपाने ‘कोइंटेलप्रो’, हे याचे ठळक उदाहरण होय. ‘ब्लॅक पँथर’ हे नाव मराठी वाचकास १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरमुळे परिचित आहे. त्या मूळ संघटनेला कोणत्या दडपणाखाली वावरावे लागले, याची चर्चा मात्र त्या मानाने कमी झाली आहे.

जे. एडगर हूवर हे १९२४ पासून १९७२ मध्ये मृत्यू होईपर्यंत, म्हणजे तब्बल ४८ वर्षे, या संस्थेचे प्रमुख होते. त्यामुळे सर्व दोष त्यांच्या स्वभावावर टाकण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. कोइंटेलप्रोचा आरंभ ऑगस्ट १९५६ मध्ये साम्यवादी पक्षाविरुद्ध झाला. पक्षाच्या सभासदांवर खटले भरण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळे त्याच सुमारास अरुंद होत चालला होता. न्यायालयात जे सिद्ध करता येत नव्हते, ते कार्यालयातून गुपचूप साध्य करण्याची ही योजना होती. तिची कार्यपद्धती कोणत्याही सरकारी खात्यासारखीच होती. प्रादेशिक कार्यालयाने प्रस्ताव पाठवावयाचा, मुख्यालयाने मंजुरी द्यावयाची आणि परिणामाचा अहवाल मागवावयाचा. पुढे सिनेटच्या चौकशी समितीने मोजले तेव्हा अशा ३,२४७ प्रस्तावांपैकी २,३७० कृती अमलात आल्याचे आढळले. एका माणसाच्या लहरीतून एवढे काम उभे राहत नाही.

१९६४ मध्ये हा कार्यक्रम कू क्लक्स क्लॅनसारख्या गोऱ्या वंशद्वेष्ट्या संघटनांनाही लागू झाला आणि त्याचे अनेक उदारमतवाद्यांना समाधान वाटले असते, तर नवल नाही. परंतु ऑगस्ट १९६७ मध्ये ‘कृष्णवर्णीय द्वेषसंघटना’ म्हणून जी यादी तयार झाली, तीत अहिंसेचे व्रत घेतलेली मार्टिन ल्यूथर किंग यांची सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्सही होती. हिंसा रोखणे हा हेतू असता, तर या समावेशाचे समर्थन करता आले नसते. ४ मार्च १९६८ च्या आदेशात कृष्णवर्णीयांना एकत्र आणू शकणारा ‘मसीहा’ उदयास येऊ न देणे हे एक उद्दिष्ट म्हणून नोंदविले आहे. बरोबर एका महिन्याने किंग यांची हत्या झाली. त्या हत्येत एफबीआयचा हात होता, असे सिनेटच्या समितीने म्हटलेले नाही, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

किंग यांच्या घराचे व कार्यालयाचे दूरध्वनी ऐकण्यास १० ऑक्टोबर १९६३ रोजी मान्यता दिली ती ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी. निवासी हॉटेलांच्या खोल्यांत ध्वनिग्राहक बसविणे ही एफबीआयने उचललेली पुढची पायरी होती. नोव्हेंबर १९६४ मध्ये, किंग नोबेल पुरस्कार स्वीकारण्यासाठी निघण्यापूर्वी, त्या ध्वनिफितीसह एक निनावी पत्र पाठविण्यात आले. ३४ दिवसांची मुदत देऊन त्यांना आत्महत्येकडे ढकलण्याचा त्यात प्रयत्न होता, असे किंग यांचे व नंतरच्या अभ्यासकांचे मत झाले. ते पाकीट जानेवारी १९६५ मध्ये कोरेटा किंग यांच्या हाती पडले.

शिकागोतील प्रकरणात निनावी पत्रापुढची मजल गाठली गेली. ब्लॅक पँथर पक्ष आणि तेथील ब्लॅकस्टोन रेंजर्स ही टोळी यांच्यात वैर वाढावे म्हणून १९६९ च्या आरंभी टोळीच्या म्होरक्यास खोटे पत्र धाडण्यास मंजुरी मिळाली. पक्षातील खबऱ्याने फ्रेड हॅम्प्टन या २१ वर्षांच्या नेत्याच्या सदनिकेचा नकाशा एफबीआयला दिला. तो स्थानिक पोलिसांपर्यंत पोहोचला. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पडलेल्या छाप्यात हॅम्प्टन व मार्क क्लार्क ठार झाले. संघराज्याच्या ग्रँड ज्यूरीला ८२ ते ९९ गोळ्या झाडल्या गेल्याचे आढळले. त्यांपैकी पँथरांकडून सुटलेली गोळी एकच असावी. १९८२ मध्ये संघराज्य, परगणा आणि शहर या तिन्ही शासनांनी मिळून १८.५ लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

हे सारे बाहेर आले ते एका चोरीमुळे. ८ मार्च १९७१ च्या रात्री, मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांच्या लढतीकडे देशाचे कान लागलेले असताना, पेनसिल्व्हेनियातील मीडिया नावाच्याच गावी एफबीआयचे लहानसे कार्यालय फोडण्यात आले. या गटाचे नेतृत्व हॅवरफर्ड महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक विल्यम डेव्हिडन यांनी केले होते. हाती लागलेल्या कागदांत महाविद्यालयांतील कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनांच्या चौकशीचे आदेश होते. असंतुष्टांच्या भेटी वाढवाव्यात, म्हणजे प्रत्येक टपालपेटीमागे हेर उभा आहे अशी भीती त्यांच्या मनात राहील, असा सल्लाही एका टिपणात होता. ‘कोइंटेलप्रो’ हा शब्दही याच कागदांतील एका चिठ्ठीवर आढळला. त्याचा अर्थ शोधण्यासाठी पत्रकार कार्ल स्टर्न यांना माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली न्यायालयात जावे लागले. फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालील सिनेट समितीची चौकशी त्यानंतरची, १९७५–७६ ची. परकीय गुप्तवार्तेसाठी देशांतर्गत पाळत ठेवताना न्यायालयीन परवानगी आवश्यक करणारा कायदा १९७८ मध्ये झाला.

दप्तरे खुली झाल्याने मात्र नवाच प्रश्न उभा राहिला. किंग यांच्यावरील पाळतीच्या ध्वनिफिती व नोंदी ५० वर्षे मोहोरबंद ठेवण्याचा आदेश न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. २०१९ मध्ये इतिहासकार डेव्हिड गॅरो यांनी एफबीआयच्या टिपणांच्या आधारे किंग यांच्या खाजगी वर्तनावर गंभीर आरोप प्रसिद्ध केले, तेव्हा अनेक सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला : ज्यांचे घोषित उद्दिष्ट किंग यांना बदनाम करणे हेच होते, त्यांचे टिपण ध्वनिफीत न ऐकता पुरावा म्हणून कसे स्वीकारावयाचे? त्या ध्वनिफिती ऐकावयास मिळाल्या, तरी ज्यांच्या संमतीवाचून त्या तयार झाल्या, त्यांच्या खाजगी जीवनावर अभ्यासकाचा अधिकार कितपत पोहोचतो, यावर इतिहासकारांचे एकमत झालेले नाही.