अर्धगुणसूत्री विभाजन
अर्धगुणसूत्री विभाजन हे युग्मकनिर्मितीसाठी आवश्यक असलेले पेशीविभाजन होय. यात गुणसूत्रे एकदाच दुप्पट होतात, परंतु पेशी दोनदा विभागते; त्यामुळे गुणसूत्रांची संख्या निम्मी होते. पहिल्या विभाजनात समजात गुणसूत्रे जोडीने येऊन आपल्या भागांची अदलाबदल करतात (पारगती) व प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे विलग होते. आंब्यात गुणसूत्रांच्या २० जोड्या असल्याने केवळ या विलगीकरणातूनच १०,४८,५७६ प्रकारची युग्मके संभवतात. पारगतीमुळे होणारी भर वेगळीच. म्हणून हापूसच्या कोयीपासून हापूसच मिळेल याची शाश्वती नसते आणि जात टिकवण्यासाठी कोकणात कलमे बांधतात. संकरासाठी मात्र हीच विविधता उपयोगी पडते. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्रात नीलम व हापूस यांच्या संकरातून निर्माण झालेली ‘रत्ना’ ही जात १९८१ मध्ये प्रसारित करण्यात आली. हापूसला सतावणारा साका तिच्या फळांत आढळत नाही.