भोसल्यांचा रुपया

मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौंसर हा मराठी बोलणारा मुलूख १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. तिथल्या एका घरी मला दोन जुनी नाणी दाखवली. देव्हाऱ्यात पुजलेले तांब्याचे, एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’. दुसरा चांदीचा रुपया, फारसी अक्षरांचा, ‘आपला नव्हे’ म्हणून सोनाराकडे मोडीत निघालेला.

प्रकार नेमका उलटा होता. रामदरबाराचे असे नाणे कंपनीने कधी पाडलेच नाही. नागपूरकर भोसल्यांचे रुपये मात्र दिल्लीच्या अहमदशहाच्या नावाने निघत.

मग रुपया पारखायचा कसा? अस्सल रुपया हातोड्याने ठसा मारून पाडलेला. ठसा चकतीहून मोठा, म्हणून अक्षरे काठाशी तुटतात; पण उरतात ती रेखीव. साच्यात ओतलेल्या नकलेची अक्षरे बोथट, अंगावर बारीक छिद्रे, कडेला साच्याची जोडरेषा किंवा ती घासल्याच्या खुणा. त्या रुपयावर यातले काही नव्हते.

१९५६ च्या प्रांतरचनेत हा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. भोसल्यांची खूण घरात होती, तीही वितळणार होती. मी थांबवले.

आपल्या गोव्यातही आजीच्या पेटीत पोर्तुगीज राजांची नाणी असतात. परकी म्हणून ती मोडू नका. आधी कड बघा.