डिश किती मोठी हवी?

हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा छंद नव्यानं लागलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो : "काका, उपग्रह ऐकायचाय. केवढी डिश घेऊ?" मी लगेच आकडा सांगत नाही. आधी ग्रोट रेबरची गोष्ट सांगतो.

रेबर अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या व्हीटन गावचा. पेशानं रेडिओ इंजिनिअर आणि परवानाधारक हॅम. बेल प्रयोगशाळेतल्या कार्ल जान्स्कीनं १९३३ मध्ये जाहीर केलं, की आकाशगंगेकडून रेडिओ लहरींची खरखर ऐकू येते. हे वाचून रेबरनं तिथं नोकरी मागितली. मंदीचे दिवस होते. नोकरी मिळाली नाही. मग १९३७ च्या उन्हाळ्यात या पठ्ठ्यानं आईच्या घराच्या आवारात, स्वतःच्या पैशांनी, डिश उभारली. लाकडी सांगाडा, त्यावर पत्रा, व्यास जवळजवळ साडेनऊ मीटर! पाऊस पडला की मधल्या भोकातून पाण्याची धार लागायची. शेजाऱ्यांना काय काय वाटलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

डिशच का? जान्स्कीची अँटेना एका ठरावीक तरंगलांबीसाठी बांधलेली होती. डिशचं तसं नसतं. लहर आखूड असो वा लांब, वाडग्यासारखा तो आकार तिला एकाच बिंदूवर आणून सोडतो. त्या बिंदूवरचा ग्राहक तेवढा बदलायचा. हा विचार रेबरला तारून गेला. कारण ९ सेंटिमीटरवर त्याला काही ऐकू आलं नाही. ३३ सेंटिमीटरवरही नाही. दुसऱ्या कोणी नाद सोडला असता. यानं पुन्हा ग्राहक बदलला आणि १.८७ मीटरवर आकाशगंगा बोलली. दिवसा नोकरी, रात्री निरीक्षणं. दिवसा रस्त्यावरच्या मोटारींच्या ठिणग्यांचा खरखराट असायचाच. डिश फक्त वर-खाली हलायची, बाकीचं काम फिरणारी पृथ्वी करायची. ही डिश पुढं वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँक वेधशाळेच्या आवारात नेऊन उभी केली.

आता आपल्याकडची गोष्ट. १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहावरून थेट दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवले गेले. (महाराष्ट्र त्या सहांत नव्हता.) खेड्यांतल्या डिश दहा फुटी आणि चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या! लहर ३५ सेंटिमीटरची. जाळीचं भोक लहरीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा लहान असलं, की लहरीला ती जाळी भिंतीसारखीच. शिवाय 'नासा'च्या ज्या एटीएस-६ उपग्रहावरून हे चाललं होतं, त्याच्यावरच नऊ मीटरची डिश होती. वरची मोठी, म्हणून खालची स्वस्तात भागली. डिश निवडताना हे वरचं गणित लोक विसरतात.

मीही विसरलो होतो. नोव्हेंबर २००० मध्ये हौशी मंडळींचा ऑस्कर-४० उपग्रह वर गेला. महिन्याभरातच त्यात बिघाड झाला. नंतर ऐकण्याजोगा उरला तो मुख्यतः २४०० मेगाहर्ट्झचा आवाज. मला एका केबलवाल्याकडून बारा फुटी जाळीची डिश जवळपास भंगाराच्या भावात मिळाली. मोठी डिश म्हणजे मोठा आवाज, असा माझा हिशेब. पण डिश जितकी मोठी, तितकी तिची नजर अरुंद. त्या लहरीवर बारा फुटांची डिश जेमतेम अडीच अंश पाहते आणि हा उपग्रह तर आभाळात सरकणारा. म्हणजे दोन बाजूंना फिरणारा खांब हवा, मोटारी हव्यात, गच्चीवर काँक्रीट हवं. माझा एक मित्र दोन फुटी जाळीदार डिश हातानं फिरवून निवांत ऐकत होता. तिची नजर चौदा-पंधरा अंशांची. मला बोलवायचाही. "माझी उभी राहू दे," म्हणायचो. वेल्डिंगचं काम रेंगाळत गेलं आणि जानेवारी २००४ मध्ये बॅटऱ्या निकामी होऊन ऑस्कर-४० गप्प झाला. माझ्या घरी मी तो एकदाही ऐकला नाही. डिशवर पुढं दोन वर्षं दोडक्याचा वेल होता.

२०१८ च्या नोव्हेंबरात कतारचा एस्हेल-२ उपग्रह गेला. त्यावर हॅम लोकांसाठी ट्रान्सपाँडर बसवलेला. तोही भूस्थिर, म्हणजे आभाळात एका जागी. पुण्याहून पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण ३२ अंशांवर. लहर तीन सेंटिमीटरहूनही आखूड, त्यामुळं जुनी मोठ्या भोकांची जाळी इथं कुचकामी. पत्र्याचीच डिश हवी. घरगुती टीव्हीची ९० सेंटिमीटरची पुरते. नजर दोन अंशांची, पण एकदा रोखली की हलवायला नको. उपग्रह इतका तिरपा, की पुढचा एलएनबी मात्र चांगला साठ-पासष्ट अंश पिळावा लागतो. इथं नवखे हमखास अडकतात आणि डिश लहान पडली म्हणतात.

या खेपेला मी खांब वगैरे काही केलं नाही. डिश कठड्याला टेकवली, मागं दोन विटा लावल्या आणि कंपासावर दिशा पाहून सरकवत बसलो. पाऊण तासानं ब्राझीलचा एक माणूस स्वच्छ ऐकू आला. मित्राला फोन लावला, तर म्हणाला, "काँक्रीट वाळलं का?"