गिंकोच्या बीजात पोहणारी पेशी: १८९६ सालच्या एका शोधाची गोष्ट

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका झाडाच्या कळ्यांचे नमुने गोळा केले होते. सुट्टीवरून परत आल्यावर, सोयीने. सगळ्या स्लाइड पाहिल्या आणि वहीत लिहिलं, 'अपेक्षित अवस्था आढळली नाही.' गाईडनी वही वाचली आणि एवढंच विचारलं, "कधी पाहिलंस?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजची गोष्ट याच प्रश्नाची आहे.

बीएस्सीला आपण सगळ्यांनी सायकस आणि पायनस केलेत. अनावृतबीजी, म्हणजे ज्यांचं बीजांड फळाच्या आवरणात झाकलेलं नसतं अशा वनस्पती. बहुतेकांना शंकू येतात. नेचे आणि मॉस यांच्या शुक्रपेशी पाण्यातून पोहत अंडपेशीपर्यंत जातात, हे १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत कळलं होतं. पाइनमध्ये मात्र परागकण वाऱ्यावर येतो, त्याला नलिका फुटते आणि तीच शुक्रपेशी अंडपेशीपाशी नेऊन पोचवते. पोहण्याची गरजच नाही. मग नेचे आणि पाइन यांचं नातं काय?

याचं उत्तर शोधलं विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी. लाइपझिगमध्ये वडिलांचा संगीत आणि पुस्तक प्रकाशनाचा व्यवसाय होता, तिथे ते काम करायचे. विद्यापीठाची पदवी नाही, दृष्टीही अधू. सूक्ष्मदर्शकाचं काम ते पहाटे, दुकान उघडायच्या आत करायचे. १८५१ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. मॉस, नेचे आणि शंकूधारी झाडं या सगळ्यांचं जीवनचक्र मुळात एकाच आराखड्यावर चालतं, हे त्यांनी त्यात दाखवलं. आता विचार करा: आराखडा एकच असेल, तर मधल्या एखाद्या बीजधारी वनस्पतीत पोहणारी शुक्रपेशी अजून शिल्लक असायला हवी. पण ती कुणी पाहिली नव्हती. पुढची ४५ वर्षं हा दुवा तसाच मोकळा राहिला.

का? कारण ती अवस्था फार थोडा वेळ टिकते. गिंकोचं उदाहरण घ्या. वसंतात बीजांडाच्या टोकाशी एक चिकट थेंब येतो. वाऱ्यावर आलेला परागकण त्यात अडकतो आणि थेंब आटला की आत ओढला जातो. तिथे त्याची नलिका वाढते, पण ती शुक्रपेशी वाहून नेत नाही, मुळासारखी आजूबाजूच्या ऊतींमधून अन्न शोषते. असे चार-पाच महिने जातात. मग शरद ऋतूच्या तोंडावर तिचं फुगलेलं टोक फुटतं, दोन शुक्रपेशी बाहेर पडतात आणि बीजांडातल्याच द्रवात पोहत अंडपेशीकडे जातात. तुम्ही आठवडाभर आधी बघितलंत तर काही नाही, आठवडाभर नंतर बघितलंत तरी काही नाही.

तोक्योच्या इम्पिरियल विद्यापीठात साकुगोरो हिरासे चित्रं काढणे आणि प्रयोगशाळेतलं तांत्रिक काम यासाठी लागले होते. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडेही नव्हती. कोइशिकावा वनस्पती उद्यानातल्या गिंकोची बीजांडं ते पुन्हा पुन्हा आणून कापत, बघत राहिले. ९ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांना पेशी पोहताना दिसली. बीजधारी वनस्पतीत पोहणारी शुक्रपेशी पाहिल्याची ही पहिली नोंद. त्याच वर्षी सेइइचिरो इकेनो यांना सायकसमध्येही ती सापडली. १८९७ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट वेबर यांनी झामियात दाखवली, आणि ती तर नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखी दिसेल एवढी मोठी! हॉफमाइस्टर तोवर हयात नव्हते. १८७७ मध्येच ते गेले.

आता गोष्टीचा कडू भाग. शोधाच्या दुसऱ्याच वर्षी, १८९७ मध्ये, हिरासे विद्यापीठातून बाहेर पडले आणि हिकोने इथल्या माध्यमिक शाळेत शिकवू लागले. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत जाणारं निरीक्षण करणाऱ्या माणसाचं विद्यापीठातलं संशोधन तिथेच थांबलं. १९१२ मध्ये जपानच्या अकादमीचं इम्पिरियल पारितोषिक इकेनो आणि हिरासे या दोघांना मिळालं. मान मिळाला, पण मधली पंधरा वर्षं काही परत आली नाहीत. ते झाड मात्र कोइशिकावात आजही उभं आहे.

पेट-नेटची तयारी करताना तुम्ही 'गिंको: हिरासे, १८९६' अशी एक ओळ पाठ कराल. करा, मार्क मिळतील. पण संशोधनाला येणार असाल तर त्या ओळीच्या मागचं कामही लक्षात ठेवा. 'आढळलं नाही' हा निष्कर्ष लिहायच्या आधी त्याच्यापुढे तारीख लिहा, किती वेळा पाहिलंत ते लिहा, आणि कुठल्या तारखांना पाहिलं नाहीत तेही लिहा. आणि तुमच्या लॅबमध्ये स्लाइड तयार करणारी, चित्रं काढणारी, रोज नमुने आणणारी जी माणसं आहेत, त्यांना काय दिसतंय हे अधूनमधून विचारत जा.

माझ्या त्या कळ्यांचं म्हणाल, तर पुढच्या हंगामात मी दर तीन दिवसांनी नमुने घेतले. हवी ती अवस्था एकाच आठवड्यातल्या दोन नमुन्यांत मिळाली. आदल्या वर्षी त्या आठवड्यात मी घरी होतो.