बर्कलीतलं गणित आणि ‘कच्ची’ मुलं

‘प्रवेश मिळतो हो, पण पुढे टिकत नाहीत.’ आरक्षणाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. अमेरिकेत ते कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबद्दल बोललं जायचं. तिथे एकाने ते तपासून पाहिलं, आणि तो इतिहास आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

१९७० च्या दशकात उरी ट्राइसमन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमध्ये पदव्युत्तर विद्यार्थी होता. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसला कृष्णवर्णीय मुलं गळायची आणि चिनी वंशाची पुढे जायची. प्राध्यापकांना कारण विचारलं, तर उत्तरं तयारच होती: जिद्द नाही, शाळेतला पाया कच्चा, घरून पाठबळ नाही, गरिबी. (ओळखीची वाटतात ना?) ट्राइसमनने दोन्हीकडची वीस-वीस मुलं घेतली आणि दीडेक वर्ष त्यांच्यातच काढलं. ती अभ्यासाला बसली की हा कॅमेरा घेऊन शेजारी.

चारही कारणं टिकली नाहीत. यातली बरीच मुलं आपापल्या शाळेत पहिली आलेली, घरच्यांनी हौसेने पाठवलेली. प्रवेश परीक्षेत गणिताला उत्तम गुण मिळवलेलीसुद्धा इथे आपटत होती.

फरक होता अभ्यासाला बसण्यात. सरांनी सांगितलेले आठवड्याचे आठ तास कृष्णवर्णीय मुलं इमानाने भरायची, पण एकटी. वीसपैकी अठरा जण वर्गातल्या कुणाबरोबर कधीच अभ्यासाला बसत नव्हते. चिनी मुलं सुमारे चौदा तास द्यायची आणि त्यातले चार ते सहा तास टोळक्याने. एकमेकांची उत्तरं तपासायची, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायच्या. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही, की ते गणितच अवघड आहे हे कळायचं. एकट्या बसलेल्याला वाटायचं, खोट आपल्यातच आहे.

बरं, विद्यापीठात शिकवणीची सोय नव्हती असं नाही. होती, पण तिच्यावर ‘कच्च्यांसाठी’ असा शिक्का होता. जन्मभर पहिला नंबर काढलेला पोरगा त्या दारात पाय कशाला ठेवेल?

१९७८ पासून ट्राइसमनने उलटं केलं. चांगलं करू शकणाऱ्यांची कार्यशाळा म्हणून मुलांना बोलावलं. छोटे गट, आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास, आणि वर्गातल्यापेक्षा अवघड गणितं. शिकवणाऱ्याने फळ्यावर उत्तर लिहून द्यायचं नाही, पोरांनी आपसात भांडून काढायचं. कार्यशाळेतली कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं बाहेरच्या आपल्या सोबत्यांपेक्षा बऱ्याचदा एक आख्खी ग्रेड वर गेली, आणि अनेकदा गोऱ्या व आशियाई मुलांच्याही पुढे. मुलं त्याच वस्त्यांतली, त्याच शाळांतली आणि प्रवेशही त्याच वाटेने झालेला. १९८८ मध्ये टेक्सास विद्यापीठाने ऑस्टिनला ही पद्धत उचलली, पुढे इतर ठिकाणीही गेली.

आपल्याकडे अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी यूजीसीने ‘रेमेडियल कोचिंग’ योजना राबवली. हेतूबद्दल माझी तक्रार नाही, पैसाही दिला. पण रेमेडियल म्हणजे शब्दशः उपचार. शिक्का नावातच. मी शिकलो त्या कॉलेजात या तासांची यादी प्रवर्गासकट नोटीस बोर्डावर लागायची. पहिल्या तासाला वीसेक जण असायचे, दिवाळीनंतर तिघं-चौघं. उरलेली पोरं मागच्या जिन्यात वह्या उघडून बसायची, तर ‘टोळकं करू नका’ म्हणून शिपाई येऊन उठवायचा.