टायरगाडी उभी राहिली तेव्हा

माझ्या आयुष्यात दारातलं चाक दोनदा थांबलं. एकदा ७२ च्या दुष्काळात आणि दुसऱ्यांदा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. पहिल्या वेळी दारात टायरगाडी होती, दुसऱ्या वेळी पोराची मोटार. दुसऱ्या वेळी मी काय केलं ते सांगायचं तर पहिल्या वेळी काय घडलं ते आधी सांगावं लागतं.

आमचं गाव पैठण तालुक्यातलं. आज्याच्या काळात गाडी म्हणजे लोखंडी धावेची. बाभळीचा तुंबा, आरे, पाटे आणि वरून धाव. धाव चढवायची तर लोहार गोवऱ्यांचा जाळ करून ती लाल करायचा, चौघं सांडशीनं उचलून चाकावर बसवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. धाव आवळली की चाक पक्कं. पण उन्हाळ्यात लाकूड आकसायचं आणि चाक खुळखुळ वाजायचं. मग आजा गाडी नदीच्या डोहात नेऊन रातभर उभी करायचा. लाकूड फुगलं की धाव पुन्हा घट्ट. चाकाची निगा म्हणजे पाणी, एवढंच आमच्या घराला ठाऊक.

१९७० साली बापानं म्हैस विकून टायरगाडी केली. लोक तिला डनलॉप म्हणायचे, टायर कोणत्याही कंपनीचं असो. हा डनलॉप मूळचा जनावरांचा डॉक्टर होता. १८८८ साली बेलफास्टमध्ये त्यानं पोराच्या तीनचाकी सायकलीला हवेची रबरी नळी बांधली, तिथून हे सगळं सुरू झालं. पुढं १९३६ मध्ये बंगालात, हुगळीकाठी साहागंजला, त्याच नावाच्या कंपनीचा कारखाना निघाला. जनावरांच्या डॉक्टरानं काढलेली वस्तू शेवटी बैलांच्याच कामी आली, याचं मला अजून नवल वाटतं. आमच्या बैलांच्या मानेवरचा भार खरंच हलका झाला. आवाज नाही, हिसका नाही. आजा मात्र म्हणायचा, “गाडी आली का गेली कळतच नाही, ही कसली गाडी?”

मग ७२ साल आलं. बाजरी करपली, विहिरीनं तळ दाखवला. दिवाळीनंतर बापानं बैलजोडी पाचोडच्या बाजारात मिळेल त्या भावात विकली आणि आम्ही सगळे खडी फोडायला गेलो. सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. विहिरीच्या बांधकामासाठी आणलेला दगड टायरगाडीच्या साट्यात भरलेला होता, तो तसाच राहिला. ओढायला बैल नाहीत आणि विहिरीत पाणी नाही, मग दगड उतरवायचा कुणी आणि कशाला? गाडीचं एक चाक भिंतीच्या सावलीला होतं, दुसरं उघड्यावर. सात-आठ महिने ती तशीच उभी. हळूहळू हवा गेली आणि टायर खाली पसरले. आजा रोज बघायचा. एकदा म्हणाला, “लाकडाला पाणी लागतं, ह्याला काय लागतं रे?” बापाला सांगता आलं नाही. प्यायला पाणी नव्हतं, चाकाला कुठून घालणार!

७३ च्या जूनमध्ये पाऊस आला. मामानं आपली जोडी पेरणीपुरती दिली. बापानं दगड उतरवला, टायरमध्ये हवा भरली. वरून तर चाकं ठीक दिसत होती. बी, खत आणि तिफण घालून आम्ही निघालो. ओढ्यात उतरताना उन्हाकडचं टायर बंदुकीसारखं फुटलं. गाडी कलली, एक बैल गुडघ्यावर आपटला. तो पुन्हा कधी सरळ चालला नाही. वाफसा निघून गेला, पेरणी आठ दिवस मागं पडली. मामा तोंडानं काही बोलला नाही, पण त्या साली भाऊबीजेला मायनं वाट बघितली आणि तो आला नाही. बैलाचे पैसे फेडायला बापाला तीन वर्षं लागली.

बाजारातल्या पंक्चरवाल्यानं ते टायर कापून दाखवलं. बाजूला बारीक बारीक चिरा पडल्या होत्या, आतला धागा उघडा झाला होता. तो म्हणाला, “दादा, ह्याला चालण्यानं नाही, उभं राहण्यानं मारलं.”

याचं कारण मला फार उशिरा समजलं. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला, पुढं टायरचाही आला. आमच्याकडची पोरं तिथं लागली, त्यातल्या एकानं सांगितलं. रबरात एक मेण घातलेलं असतं. चाक फिरतं, टायर दबतं-फुगतं, तेव्हा ते मेण वर येऊन हवेतल्या ओझोनपासून रबराला वाचवतं. चाक उभं राहिलं की मेण तेवढं वर येत नाही. त्यात ऊन आणि एकाच जागी दाब. आमची तर दगडांनी भरलेली गाडी होती.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात पेट्रोल मिळेना तेव्हा लोकांनी मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवल्या होत्या. जपाननं मलायावर हल्ला केल्यावर अमेरिकेत १९४२ च्या जानेवारीत सगळ्यात आधी रेशन लागलं ते टायरला. एवढी किंमत जगाला आधीच कळली होती, आमच्या गावापर्यंत तेवढी पोचली नव्हती.

२४ मार्च २०२० ला रात्री लॉकडाऊन जाहीर झालं. पोरगा घरी अडकला, मोटार दारात अडकली. मेमध्ये करमाडजवळ रुळावर १६ मजूर मालगाडीखाली गेले. बिचारे घरी जायला वाहन नाही म्हणून पायी निघाले होते. त्या दिवसांत दारातल्या मोटारीकडं बघायचीसुद्धा लाज वाटायची.

पण मोटारीचं मी पहिल्याच आठवड्यात केलं होतं. डिकीतलं ओझं काढलं. टायर साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडे केले. जॅकनं एकेक बाजू उचलून, जिथं जॅक लावायची जागा असते तिथंच, कडुनिंबाचे रुंद ओंडके दिले. विटा दिल्या नाहीत, विटा भुगा होतात. जॅकवरही ठेवली नाही. चाकं जमिनीपासून दोन बोटं वर आली. वरून गोणपाट टाकलं. शेजाऱ्यानं चकाकी यावी म्हणून टायरला जळकं ऑईल फासलं होतं, त्याला मी हात जोडले. तेलानं रबर फुगतं आणि सडतं. त्याला गाडी उचलणं जमत नव्हतं, म्हणून टायरवर लिहिलेल्या मर्यादेत राहून थोडी जास्त हवा भरायला सांगितली आणि दर पंधरा दिवसांनी गाडी हातभर ढकलायला लावली.

पोरगा हसत होता. “बाबा, ही काय बैलगाडी आहे का?” मी त्याला टायरवरचे चार आकडे वाचायला लावले. २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. तो गप्प झाला. पाच वर्षांचं टायर त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं.

मामा गेला, बैल गेला, टायरगाडीचा आस भंगारात गेला. मामाच्या नातवाची उसाची ट्रॉली आहे. एप्रिलात हंगाम संपला की ती दिवाळीपर्यंत उन्हात उभी असते. त्याला सांगून उपयोग नाही, तो फोनवरच असतो. मी ओंडके आणि जॅक घेऊन जातो, एका बाजूला उटी लावतो, दुसरी बाजू उचलतो. त्याची आजी, म्हणजे माझी मामी, ओट्यावरून बघते आणि चहा ठेवते.