मागाल त्या विषयाचे प्रोफेसर

ज्या विषयाची सनद शिक्षकाजवळ नाहीं, तो शिकविण्याची मुभा त्यास द्यावी कीं न द्यावी, हा प्रश्न अलीकडे नियम आणि सवलती यांच्या भाषेंत बोलला जातो. पुण्यांत तो एके काळीं फार निराळ्या रीतीनें सुटला होता.

डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ सालीं स्थापन झाली व पुढच्याच वर्षारंभीं फर्ग्युसन कॉलेज उघडलें. पैसा थोडा, माणसें त्याहून थोडीं. विषय मात्र युनिव्हर्सिटी सांगेल तितके. कामाची वांटणी आजीव सभासद आपसांत करीत, आणि अमका विषय अमक्यास झेपेल कीं नाहीं याचा निवाडाही तेच देत. टिळक वास्तविक गणिती. पण त्यांनीं संस्कृतही शिकविलें. यांत नवल नाहीं. ती तयारी त्यांच्या घरींच झाली होती.

खरी कसोटी लागली ती गोपाळराव गोखले यांची. १८८४ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. होऊन ते पुढल्या वर्षीं न्यू इंग्लिश स्कुलांत शिक्षक झाले, तेव्हां त्यांस एकोणिसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. लवकरच कॉलेजांत ते इंग्रजी शिकवूं लागले. १८९० च्या अखेरीस टिळक सोसायटींतून बाहेर पडले आणि गणिताचा वर्ग गोखल्यांच्या वांट्यास आला. पुढें इतिहास व अर्थशास्त्रही आलें. ‘प्रोफेसर टु ऑर्डर’ असें त्यांस थट्टेनें म्हणत, तें अक्षरशः खरें होतें.

टिळकांचें गणित ऐकलेल्या मुलांस हा पालट जाणवला नसेल असें मला वाटत नाहीं. गोखले प्रतिभेचे नव्हे, कष्टाचे गणिती. शाळेकरितां त्यांनीं रचलेलें अंकगणित पुष्कळ वर्षें चाललें, हें त्या कष्टाचेंच फळ. अर्थशास्त्राची गोष्ट मात्र वेगळी. तो विषय हातीं येण्यापूर्वींच रानड्यांच्या देखरेखीखालीं आंकडे तपासण्याचें, सरकारी अहवाल चाळण्याचें, मसुदा पुन्हां पुन्हां लिहिण्याचें शिक्षण त्यांस मिळत होतें; सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचें संपादनही त्यांनीं केलें. हें कोणत्याही सर्टिफिकेटांत मावणारें नव्हतें. १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें त्यांनीं दिलेली साक्ष व १९०२ चें अंदाजपत्रकावरील भाषण वाचतांना हा मनुष्य या विषयाचा अनधिकारी होता असें कोण म्हणेल?

परंतु या उदाहरणाच्या आधारें वाटेल त्यास वाटेल तो वर्ग देणें हा गोखल्यांवरही अन्याय होय. मी इंग्रजी वाङ्मयाचा पदवीधर. नोकरीच्या दुसऱ्या वर्षीं एका कॉलेजांत, अध्यापक मिळेना म्हणून, तर्कशास्त्राचा वर्ग माझ्या गळ्यांत पडला. मंजुरीचा कागद दोन ओळींचा होता. तयारीस सवड नाहीं, शंका विचारावी असा वडीलधारा सहकारी नाहीं, आणि वर्गांत येऊन ऐकणाराही कोणी नाहीं. मीं पुस्तक वाचून दाखविलें; मुलांनीं तें उतरून घेतलें. निकाल बेताचाच लागला व कोणी कोणास जाब विचारला नाहीं. त्या मुलांचें मी कांहीं देणें लागतों, हा विचार तीस वर्षांनींही मला सोडीत नाहीं. फर्ग्युसनमध्यें मंजुरी देणारे स्वतः शेजारच्याच वर्गांत शिकवीत असत. चुकीच्या माणसास वर्ग दिला तर ओरड प्रथम त्यांच्याच कानीं येणार होती.

१९०२ सालीं गोखले कॉलेजांतून निवृत्त झाले. त्याच वर्षीं केंब्रिजचे सीनिअर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तेथें प्रिन्सिपॉल झाले, आणि गणिताच्या फळ्यापुढें सनदेचा माणूस उभा राहिला.